होडीचा ट्रेलर ओढायला जुनं डिझेल घ्यावं की नवं?

प्रश्न शिवोलीहून आला आहे. सात मीटरची फायबरची होडी, मागे टांगलेलं आउटबोर्ड इंजिन, दोन ॲक्सलचा ट्रेलर. वजनकाट्यावर सगळं मिळून १९०० किलो भरलं, हे त्यांनी आवर्जून कळवलंय, आणि त्यामुळे माझं अर्धं काम सोपं झालं. मे अखेरीस शापोरा नदीच्या काठावरून होडी वर काढायची, नारळी पौर्णिमेच्या सुमारास परत पाण्यात सोडायची, वर्षातून तीन-चार वेळा मालवण आणि एक-दोनदा फायबरच्या कामासाठी चोर्ला घाटातून बेळगाव. उरलेले दिवस गाडी बर्फ आणि मासळीचे ट्रे घेऊन घर ते जेटी फिरणार, एका फेरीला जेमतेम चार किलोमीटर. समोर दोन पिकअप आहेत. एक २०११ ची, मेकॅनिकल पंपाची अडीच लिटर टर्बो डिझेल, १,८०,००० किलोमीटर झालेली. दुसरी २०२१ ची, बीएस ६ (नव्या प्रदूषण नियमाची), १.९ लिटर, ७०,००० किलोमीटर झालेली. कुठली घेऊ, असं विचारलंय.

माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. तुमच्या कामाला या दोन्ही नकोत. मधल्या पिढीची शोधा: कॉमन रेल इंजिन (सगळ्या इंजेक्टरांना एकाच नळीतून फार मोठ्या दाबाचं डिझेल), इंटरकूलर (टर्बोने तापवलेली हवा गार करणारी जाळी) असलेलं, पण डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारी जाळी) नसलेलं. म्हणजे साधारण २०१३ ते मार्च २०२० मधली. का, ते आता नीट सांगतो, कारण कारण कळलं नाही तर उद्या कोणीतरी स्वस्तात एखादी गाडी दाखवेल आणि तुमचं मन पुन्हा फिरेल.

मी डिझेलचं काम शिकलो ते डिचोलीकडे, खनिजाच्या टिपरांवर. २०१२ ला खाणी बंद पडल्या, टिपर उभे राहिले आणि आमच्यासारख्यांच्या गॅरेजात पिकअप आणि होड्यांची इंजिनं येऊ लागली. त्यामुळे दोन्ही बाजू हाताखालून गेल्यात. लोक पहिला प्रश्न विचारतात तो अश्वशक्तीचा. तो प्रश्न खरं तर तिसरा-चौथा असायला हवा.

हिशेब करून बघा. गाडी, दोन माणसं आणि तुमचा ट्रेलर मिळून चार टन धरू. चोर्ल्याचा चढ शंभर मीटरमागे आठ मीटर धरू. काही वळणांवर तो जास्त आहे, काही ठिकाणी कमी. हे चार टन ताशी ३० किलोमीटरने वर चढवायला चाकांपाशी साधारण ३१ किलोवॅट, म्हणजे ४२ अश्वशक्ती लागते. गिअरबॉक्स आणि क्राउन-पिनियनमध्ये जाणारं धरून इंजिनकडून ४८ च्या आसपास. म्हणजे साठ-पासष्ट अश्वशक्तीचं जुनं इंजिनसुद्धा ही होडी चोर्ल्यावर नेऊ शकतं. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरात रडत जाईल, मागे गाड्यांची रांग लागेल, पण जाईल. टोयोटा हायलक्सचं २.८ लिटर इंजिन २०४ अश्वशक्तीचं आहे, ऑटोमॅटिकमध्ये ५०० न्यूटन-मीटर टॉर्क देतं. ती हीच होडी गाणी ऐकत वर नेईल. फरक वेगाचा आणि आरामाचा आहे. तुमचा घाट वर्षातून फार तर दोनदा आहे, हे लक्षात ठेवा.

खरा प्रश्न उष्णतेचा. इंजिन ती ४८ अश्वशक्ती, म्हणजे ३५ किलोवॅट देत असेल, तर रेडिएटरला साधारण २५ किलोवॅट उष्णता बाहेर टाकावी लागते. घरातला गिझर दोन किलोवॅटचा असतो. म्हणजे बारा गिझर एकाच वेळी चालू आहेत आणि त्यांची सगळी उष्णता त्या एका जाळीतून बाहेर जायची आहे, तीही ताशी ३० च्या वेगात, जेव्हा समोरून वारा जवळजवळ नाही. मे महिन्यातल्या ३४ डिग्रीच्या दमट दुपारी. इथे जुन्या गाडीचं वय बोलतं. पंधरा वर्षं किनाऱ्यावर राहिलेल्या रेडिएटरची जाळी बोटाने दाबली की खडूसारखी भुकटी होते. मीठ ती खाऊन टाकतं. नळ्या शाबूत असतात, पाणी गळत नाही, म्हणून मालकाला वाटतं रेडिएटर ठीक आहे. रोजच्या कामात तो ठीकही असतो. चढाला ट्रेलर लागला की मग कळतं.

एकदा चोर्ल्यात केरीच्या वरच्या वळणांत अडकलेल्या अशाच एका गाडीला आणायला गेलो होतो. मागे तुमच्याहून लहान होडी होती. चालकाने काटा लाल रेघेला टेकेपर्यंत गाडी ओढली, मग थांबून लगेच रेडिएटरचं झाकण उघडायला गेला. हात थोडक्यात वाचला, इंजिनाचं हेड, म्हणजे सिलिंडरांवरचं झाकण, वाचलं नाही. हेड पट्टीवर धरलं तेव्हा मधल्या दोन सिलिंडरांमध्ये कागद सहज सरकत होता, एवढं वाकलं होतं. गाडी जुनी होती म्हणून हे झालं असं मी म्हणणार नाही. नव्या रेडिएटरवर आणि चांगल्या फॅन क्लचवर तीच गाडी निर्धोक चढली असती. पण जुनी गाडी विकत घेताना हे सगळं तुमच्या खर्चात धरायचं असतं, आणि ते कोणी धरत नाही.

मेकॅनिकल पंपाच्या इंजिनाचं कौतुक मलाही आहे, हे आधी कबूल करतो. त्यात बिघडायला फार थोडं आहे. डिझेल आणि हवा मिळाली की ते चालतं. पंप बिघडला तर म्हापसा, फोंडा, मडगाव, कुठेही पंपवाला तो उघडून, नवीन एलिमेंट आणि नोझल घालून, टेस्ट बेंचवर लावून परत देतो. रस्त्यात डिझेलच्या नळीत हवा धरली तर पाना घेऊन ब्लीड करता येतं. आणि एक गुण असा की आयडलला, टर्बो जागा होण्याआधीच, अडीच-तीन लिटरचं इंजिन बऱ्यापैकी जोर देतं. खालच्या गिअरचं प्रमाणही या पिकअपांत मोठं असतं. धक्क्यावरून होडी खेचताना हा गुण खरोखर उपयोगी पडतो.

पण २०११ च्या त्या गाडीला इंटरकूलर आहे का ते बघा. नसेल तर टर्बोने दाबून तापवलेली हवा थेट सिलिंडरात जाते. गरम हवा विरळ असते. तितकंच डिझेल जळायला प्राणवायू कमी पडतो, धूर काळा होतो आणि एक्झॉस्टचं तापमान चढतं. ओझ्याखाली हे सतत वीस-पंचवीस मिनिटं चाललं की पिस्टनचा माथा, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आणि टर्बो यांना त्रास होतो. त्यातच आपल्याकडे एक खोड आहे, गाडीचा जोर वाढवायला पंपाचा स्क्रू फिरवून डिझेल वाढवून घेण्याची. जुन्या गाडीच्या पंपाचं सील तुटलेलं असेल तर ती गाडी ट्रेलरसाठी घेऊ नका. तिने आधीच तापाचे दिवस काढलेत.

आता नव्या इंजिनाकडे. १.९ लिटर ऐकून लोक नाक मुरडतात, ते चूक आहे. इसुझूचं १.९ लिटर इंजिन १६३ अश्वशक्ती आणि ३६० न्यूटन-मीटर देतं. त्याच गाडीत आधी असलेलं अडीच लिटर इंजिन १३४ आणि ३२० द्यायचं. घाटात लहान इंजिन मागे पडत नाही. धक्क्यावर मात्र पडतं. नव्या इंजिनाचा सगळा जोर टर्बोच्या दाबावर उभा आहे आणि आयडलला दाब नसतो. मग चालक ॲक्सिलरेटर वाढवतो, क्लच अर्धा धरून ठेवतो, आणि शेवाळलेल्या उतारावर दहा-बारा सेकंदांत जळक्या क्लचचा वास येतो. यांपैकी बऱ्याच गाड्यांत ड्युअल मास फ्लायव्हील (इंजिनाचे धक्के शोषणारी दुहेरी चकती) असतं. ते गेलं की क्लचच्या खर्चाचा आकडा दुप्पट-तिप्पट होतो. ऑटोमॅटिक असेल तर ही अडचणच नाही. टॉर्क कन्व्हर्टर धक्क्यावर जेवढं मऊ खेचतो तेवढं मलाही क्लचवर जमत नाही.

बीएस ६ बद्दल सगळ्यात मोठा गैरसमज असा, की ट्रेलर ओढला की डीपीएफ चोंदतो. उलट आहे. डीपीएफ म्हणजे एक्झॉस्टमधली काजळी अडवणारी सिरॅमिकची जाळी. ती काजळी जाळून जाळी मोकळी करायला उष्णता लागते. ट्रेलर घेऊन घाट चढणाऱ्या गाडीच्या एक्झॉस्टला ती आपोआप मिळते. बेळगावला जाऊन आलेल्या गाडीचा डीपीएफ स्वच्छ असतो. त्याला मारतात त्या तुमच्या घर ते जेटी फेऱ्या.

चार किलोमीटरमध्ये इंजिन पुरतं तापतही नाही. काजळी साचत जाते. एका मर्यादेनंतर कॉम्प्युटर ठरवतो की आता जाळायला हवी, आणि जादा डिझेल सोडून एक्झॉस्ट ६०० डिग्रीच्या आसपास नेऊ लागतो. या कामाला पंधरा-वीस मिनिटं सलग गाडी चालायला हवी. तुम्ही पाचव्या मिनिटाला जेटीवर पोचून चावी फिरवता. काम अर्धवट राहतं. दुसऱ्या फेरीला पुन्हा तेच. आणि ज्या इंजिनांत हे जादा डिझेल सिलिंडरातूनच मारलं जातं, तिथे अर्धवट फेऱ्यांमध्ये त्यातलं काही भिंतीवरून ओघळून ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिक काढली तर ऑइल कमी व्हायच्या ऐवजी वाढलेलं दिसतं, नाकाजवळ नेलं की डिझेलचा वास येतो. पातळ झालेलं ते ऑइल घेऊन तुम्ही मग एके दिवशी ट्रेलर लावून चोर्ला चढता, आणि ज्या बेअरिंगना त्या दिवशी सगळ्यात जास्त जाड थराची गरज असते त्यांना सगळ्यात पातळ थर मिळतो. ट्रेलरने इंजिन घालवलं असं सगळे म्हणतात. घालवलेलं असतं बर्फाच्या फेऱ्यांनी.

म्हणून मी गिऱ्हाइकाला विचारतो की ट्रेलर नसलेल्या दिवशी गाडी काय करते. महिन्यातून चार वेळा कोल्हापूर किंवा मंगळूर करणारा असता, तर मी डोळे मिटून बीएस ६ सांगितली असती. लांब पल्ला, सलग वेग, जास्त टॉर्क, कमी थकवा, काही गाड्यांत स्थैर्य सांभाळणारी यंत्रणा. त्याला नवी गाडीच हवी. तुमचं काम तसं नाही.

डीपीएफ काढून टाकून कॉम्प्युटर फसवून देतो, असं सांगणारे भेटतील. ते बेकायदेशीर आहे, आणि तो काळा धूर जेटीवर उभ्या असलेल्या आपल्याच माणसांच्या छातीत जातो. मी ते काम करत नाही. बीएस ६ घेतलीच तर ऑइल पुस्तिकेत लिहिलंय तेच, कमी राखेचं घाला. गॅरेजातल्या बॅरलमधलं जुन्या इंजिनांचं ऑइल घातलं की त्यातली राख डीपीएफमध्ये बसते. काजळी जळते, राख जळत नाही. ज्या गाड्यांना एक्झॉस्ट साफ करायला युरियाची टाकी आहे त्यांत पाणी किंवा शेतातला युरिया विरघळवून घालायचा विचारही करू नका.

इथे होडीवाल्यांना एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. जेटीवर डिझेल कॅनमध्ये असतं, ड्रममध्ये असतं, आणि गाडीचा काटा खाली आला की त्यातलंच पाच-दहा लिटर नरसाळ्याने गाडीत ओतलं जातं. जुन्या इंजिनाला हे मानवायचं असं नाही, पण त्याच्या नोझलचा दाब दोनशे बारच्या आसपास असतो आणि नुकसान झालं तरी ते हजारांत भागतं. कॉमन रेलमध्ये दाब १६०० बारपासून २००० च्या वर जातो, आणि आतल्या सुट्या भागांमधली फट काही मायक्रॉनची, केसाच्या जाडीच्या कित्येक पट कमी. तिथे वंगणाचं काम डिझेलच करतं. पाणी आलं की वंगण गेलं, हाय प्रेशर पंप स्वतःलाच खरवडतो आणि तो धातूचा कीस रेलमधून चारही इंजेक्टरांत पोचतो. मग पंप, रेल, इंजेक्टर आणि टाकी धुण्यापासून सगळं. एका गाडीच्या फिल्टरमधलं मी काचेच्या ग्लासात ओतलं होतं. वर दोन बोटं डिझेल, खाली तीन बोटं पाणी, आणि तळाला चांदीच्या वर्खासारखी चकाकणारी पूड. मालक ग्लासाकडे बघत बराच वेळ काही बोलला नाही. त्याच्याकडे सांगण्यासारखं एवढंच होतं की त्या दिवशी पेट्रोल पंप तीन किलोमीटर लांब होता.

आपल्याकडे पावसाळ्यात अर्धी रिकामी टाकीसुद्धा आतून घाम धरते. मधल्या पिढीची गाडी घेतलीत तरी कॉमन रेल आहेच, म्हणून हे तुम्हालाही लागू आहे. जून ते सप्टेंबर टाकी भरलेली ठेवा, फिल्टरखालचा पाण्याचा स्क्रू महिन्यातून एकदा सोडून बघा, आणि कॅनमधलं डिझेल होडीलाच ठेवा.

आता मधली पिढी म्हणजे नेमकं काय. देशभर बीएस ४ लागू झालं १ एप्रिल २०१७ ला, बीएस ६ आलं १ एप्रिल २०२० ला. त्याआधीच्या काही वर्षांतल्या बहुतेक पिकअपांत कॉमन रेल, टर्बो, इंटरकूलर आहे, ईजीआर (थोडा एक्झॉस्ट परत इंजिनात फिरवणारा व्हॉल्व्ह) आहे, पण डीपीएफ नाही. आखूड फेऱ्यांनी त्यांना त्रास होतो तो ईजीआरचा. तो व्हॉल्व्ह काजळीने जाम होतो. काढून साफ करायला अर्धा दिवस लागतो, आणि हे काम गोव्यात कुठलंही बरं गॅरेज करतं. इसुझूची अडीच लिटरची व्ही-क्रॉस, जी इथे २०१६ ला आली, या कामासाठी माझी पहिली पसंती: ३२० न्यूटन-मीटर १८०० आरपीएमपासून, लो रेंजसह, म्हणजे जादा जोराच्या मंद गिअरांसह, फोर बाय फोर (चारही चाकांना ओढ), आणि खासगी नोंदणी होते. महिंद्राची स्कॉर्पिओ गेटअवे २.२ लिटर एमहॉकवर होती, १२० अश्वशक्ती, फोर बाय फोर मिळायची. ती जुनी झाली, पण स्पेअर पार्ट आणि मिस्त्री दोन्ही गल्लोगल्ली. टाटाची २.२ लिटर झेनॉनही बघायला हरकत नाही. बोलेरो पिकअप मालवाहतुकीला उत्तम, ट्रेलरलाही चालेल, पण व्यावसायिक नोंदणीची असल्याने आठ वर्षांनंतर फिटनेस दरवर्षी करावा लागतो, ते वेळापत्रक सांभाळायची तयारी ठेवा.

फोर बाय फोर हवंच का? चोर्ल्यासाठी नको. शापोऱ्याच्या काठासाठी हवं. ओहोटीला उघडा पडलेला उताराचा भाग हिरव्या शेवाळाने असा गुळगुळीत असतो की माणूस अनवाणी उभा राहू शकत नाही. मागची चाकं त्यावर, मागे १९०० किलो पाण्यातून वर यायचंय. टू व्हील ड्राइव्ह जागेवर फिरते, टायर शेवाळ चोळून आणखी गुळगुळीत करतात. लो रेंजमध्ये पहिला गिअर टाकून क्लच पूर्ण सोडला की आयडलवरच ती चालत वर येते, क्लच जळायचा प्रश्नच येत नाही. इंजिन जुनं की नवं यापेक्षा लो रेंजचा हा एक लिव्हर तुमच्या कामात जास्त फरक करेल. चारही चाकांनी ओढणारी गाडी मिळत नसेल तर भरतीची वेळ साधा आणि पुढच्या कोरड्या जमिनीवरून दोराने ओढा.

इंजिनाचा विषय चाललाय, तरी ट्रेलरबद्दल बोलल्याशिवाय मला पुढे जाववत नाही, कारण माणसं दगावतात ती उतरताना. तेच चार टन, तोच उतार, तोच ताशी ३० चा वेग: खाली येताना रस्त्याच्या घर्षणात जाणारं सोडून २१ किलोवॅट कुठेतरी जिरवावे लागतात. दहा गिझर, आणि यावेळी ते ब्रेकच्या ड्रममध्ये आहेत. डिझेल इंजिनाचं स्वतःचं ब्रेकिंग फार नसतं, आणि इंजिन जितकं लहान तितकं ते कमी. १.९ लिटर चढताना अडीच लिटरला हरवतं, उतरताना मात्र मोठं इंजिन जास्त धरून ठेवतं. हाही मधल्या पिढीच्या बाजूचा एक मुद्दा. ज्या गिअरात चढलात त्याच गिअरात उतरा, ब्रेक अधूनमधून ठामपणे दाबून पूर्ण सोडा, सतत टेकवून ठेवू नका.

तुमच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक आहेत का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. आपल्याकडे वेल्डिंगच्या दुकानात बनवलेल्या बहुतेक ट्रेलरांना नसतात. युरोपात ७५० किलोच्या वर बिनब्रेकचा ट्रेलर रस्त्यावर आणताच येत नाही. तुमचा त्याच्या अडीच पट आहे. ट्रेलर मागून ढकलू लागला की आपोआप लागणारे इनर्शिया ब्रेक मिळतात. ते बसवा, त्याशिवाय हा ट्रेलर घेऊन चोर्ला उतरू नका. एवढ्या एका गोष्टीवर मी तुमच्याशी भांडायला तयार आहे.

हुकावर येणारं वजन एकूण ट्रेलरच्या साधारण सात ते दहा टक्के असू द्या, म्हणजे तुमच्या बाबतीत १३० ते १९० किलो. घरातल्या वजनाच्या काट्यावर हे बसणार नाही. भंगारवाल्याकडचा काटा चालतो. होडीची आउटबोर्ड मागे लटकलेली असल्याने मागचा भाग जड होतो, हूक हलका होतो आणि मग हायवेवर साठच्या वर ट्रेलर शेपूट हलवू लागतो. होडी थोडी पुढे सरकवली, विंचचा खांब पुढे घेतला की बऱ्याचदा हे जागेवर येतं. गाडीची ओढण्याची मर्यादा मालकाच्या पुस्तिकेत शोधा, नसेल तर डीलरकडून लेखी मागा. परदेशातल्या त्याच नावाच्या गाडीचा आकडा इथे लावू नका. आणि मोटार वाहन कायद्यातल्या व्याख्येत ट्रेलरही वाहन आहे, त्याची नोंदणी लागते. नोंदणी नसेल तर अपघातानंतर विम्याचं कोणी ऐकत नाही.

चाकांच्या हबबद्दल एक. मालवणहून एवढा पल्ला येऊन तुम्ही थेट ट्रेलर पाण्यात उतरवता. हब गरम असतो, खाऱ्या पाण्यात बुडाल्याबरोबर आतली हवा आकसते आणि सील ओलांडून पाणी आत ओढलं जातं. असा हब मी उघडला तेव्हा ग्रीस दुधाळ चहाच्या रंगाचं झालं होतं आणि बेअरिंगच्या रोलरवर गंजाचे ठिपके. अर्धा तास थांबा, हबला हात लावून बघा, कोमट झाला की मगच उतरवा. त्याआधी दिव्यांचा सॉकेट काढून घ्या. घरी आल्यावर गोड्या पाण्याने ट्रेलर आणि गाडीचा मागचा खालचा भाग दोन्ही धुवा.

आता गाडी बघायला जाल तेव्हाचं. सकाळी जा आणि मालकाला आदल्या दिवशीच सांगून ठेवा की इंजिन आधी चालू करू नका. बॉनेट उघडून हाताने बघा, इंजिन थंड असलं पाहिजे. पहिल्या स्टार्टला निळा धूर येऊन थांबत नसेल तर ऑइल जळतंय. स्टार्ट झाल्या झाल्या रेडिएटरची वरची नळी मुठीत धरा. दोन मिनिटांत, पाणी तापायच्या आधीच ती कडक झाली तर हेड गॅस्केटमधून दाब येतोय. ऑइलचं झाकण उलटं करून तोंडावर ठेवा. थोडं थरथरलं तर चालेल, उडून पडलं तर पिस्टनच्या रिंगांचं काम आलं. मग स्कॅनर लावणारा मिस्त्री सोबत न्या आणि चारही इंजेक्टरांचे करेक्शनचे आकडे (कॉम्प्युटर प्रत्येकाचं डिझेल किती कमी-जास्त करतोय) बघा. एक बाकी तिघांपासून फार दूर असेल तर तेवढा खर्च किमतीतून वजा करायला लावा. त्या २०२१ च्या गाडीवर तुमचं मन अजून असेल, तर तिथे डीपीएफमधली काजळी आणि शेवटचं रीजनरेशन (काजळी जाळण्याचं काम) कधी पूर्ण झालं ते वाचून घ्या, आणि डिपस्टिकवर ऑइल वरच्या खुणेच्या वर आहे का ते बघा.

सगळ्यात शेवटी गाडीखाली झोपा. छोटा हातोडा घेऊन चासीच्या मागच्या टोकाला, जिथे हुकाचे बोल्ट बसणार आहेत तिथे, आतून-बाहेरून ठोका मारत जा. निरोगी पत्रा टण वाजतो. आतून मिठाने खाल्लेला थप्प असा आवाज करतो आणि पापुद्रे खाली पडतात, मग वरून रंग कितीही ताजा असो. त्या आवाजाची गाडी इंजिन कितीही गोड चाललं तरी सोडून या. इंजिन आपण उतरवून नवं करू शकतो, १९०० किलोची होडी ज्या टोकाला टांगायची त्या चासीला वेल्डिंगचं ठिगळ लावून मी कोणाला चोर्ल्यावर पाठवणार नाही.